लाल मणी कधी सरकतो?

१८६५ सालच्या एप्रिल महिन्यात भूमध्य समुद्रात, पोपच्या जहाजावरून, एक धर्मगुरू पांढऱ्या थाळ्या पाण्यात सोडत होता. त्याचं नाव आंजेलो सेक्की. मूळचा खगोलशास्त्रज्ञ; सूर्याचा आणि ताऱ्यांचा प्रकाश तपासण्यात हयात घालवलेला. थाळी दोरीला बांधायची, हळूहळू खाली सोडायची, डोळ्यांना दिसेनाशी झाली की दोरी किती सुटली ते मोजायचं. एवढंच. पुढे १८९९ मध्ये गोड्या पाण्यासाठी थाळीचे चार पाव करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवण्याची रीत आली आणि आकार वीस सेंटिमीटरवर स्थिरावला. पाण्याची पारदर्शकता मोजायचं याहून स्वस्त साधन आजतागायत कुणी काढलेलं नाही. डब्याचं झाकण, दोन रंग, गाठी मारलेली दोरी आणि थाळी बुडावी म्हणून खाली एक जड नटबोल्ट. कॉलेजातल्या पोरांना दुपारभरात जमेल असं काम.

ही थाळी भोपाळच्या शाहपुरा तलावात सोडायला हवी.

शाहपुरा म्हणजे भोपाळच्या दक्षिणेकडची वस्ती. गेल्या चार-पाच दशकांत वाढलेल्या कॉलन्या, बाजार, दवाखाने आणि मधोमध सत्तरच्या दशकात बांधलेला तलाव. संध्याकाळी बांधावर चालणाऱ्यांची गर्दी असते. पाणी मात्र बरेचदा हिरवं दिसतं, आणि वास येतो त्या दिवशी लोक रुमाल नाकाला लावून वेग वाढवतात. कारण गुपित नाही. भोवतालच्या वस्तीचं सांडपाणी तलावात उतरतं आणि त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी चालू आहेत.

पण हिरवं म्हणजे नक्की काय, हे समजून घेतलं की माणूस थक्क होतो. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. शेतात ज्याला आपण खत म्हणतो तेच. पाण्यात त्या खतावर पोसतं ते शेवाळ, त्यातही डोळ्यांना सुटं न दिसणारं. दुपारी ऊन असताना हे शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की हिरव्यागार, घाण तलावातलं पाणी त्या घटकेला स्वच्छ तलावापेक्षाही जास्त प्राणवायू बाळगून असू शकतं. रात्री ऊन नाही. मग तेच शेवाळ, त्याच्या जोडीला तळातले कुजवणारे जिवाणू, सगळे मिळून तो प्राणवायू खाऊन टाकतात. पहाटे पाणी जवळजवळ रिकामं होतं. उन्हाळ्यातल्या एखाद्या सकाळी अशा तलावात मेलेले मासे तरंगताना दिसतात, आणि लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. विष कुणी टाकलेलं असेलच असं नाही. रात्रीत त्यांचा श्वास संपला.

म्हणजे एकाच तलावात दुपारी तीनला मोजलं तर एक आकडा आणि पहाटे पाचला मोजलं तर अगदी उलटा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे अंघोळीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा. दुपारी पोचलेल्या अधिकाऱ्याला तो मिळेलही. पहाटे उठायची तयारी असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीला मिळणार नाही. दोघंही खरंच सांगताहेत.

मला या लेखात सांगायचंय ते इथूनच सुरू होतं. समाजबदलाचं काम म्हटलं की तरुणांच्या डोळ्यांसमोर मोर्चा येतो, नाहीतर झाड लावतानाचा फोटो. (फोटोतली झाडं पुढच्या मे महिन्यात कुठे असतात, याची मोजणी कुणीतरी करायला हवी.) मोर्चाला माझा विरोध नाही, तो लागतोच. पण गेल्या पन्नास वर्षांत भोपाळपासून गडचिरोलीपर्यंत, योगायोगाने जवळपास एकाच रेल्वेमार्गाच्या आजूबाजूला, तरुण माणसांनी जी कामं उभी केली त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी फार साधी गोष्ट आहे. त्यांनी नीट मोजलं. आणि मोजताना एक आकडा कधीच पुरत नाही, दुसरा लागतो, हे त्यांना माहीत होतं.

शाहपुऱ्याच्या थाळीलाही दुसरा आकडा लागतो. तो मिळतो काही किलोमीटरवरच्या बड्या तालाबात. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधवल्याचं परंपरा सांगते तो हा तलाव. शहर अजूनही त्याचं पाणी पितं, आणि २००२ पासून तो रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. त्याच दिवशी, त्याच उन्हात, त्याच थाळीने दोन्हीकडे मोजलं तर शाहपुऱ्याचा आकडा बोलायला लागतो. ऋतूचा दोष, पावसाचा दोष, मोजणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष, असल्या सबबी दोन्ही तलावांना सारख्याच लागू पडतात, म्हणून गळून जातात. उरतो तो फरक.

ही युक्ती याच शहरात एकदा फार मोठ्या प्रश्नासाठी वापरली गेली आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. शहराच्या उत्तरेकडच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटलं. वारा त्याला जुन्या शहराकडे, रेल्वे स्टेशनकडे घेऊन गेला. तळ्यांपलीकडचं, टेकड्यांवरचं नवं भोपाळ बरंचसं वाचलं. हजारो माणसं मेली, आणि जी जगली त्यांची तक्रार महिने उलटले तरी थांबेना. दम लागतो, डोळे चुरचुरतात, दोन घागरी उचलल्या तरी थकवा येतो, पाळी बिघडली आहे. समोरून युक्तिवाद असा की ही माणसं मुळातच गरीब, कुपोषित, क्षयाने पोखरलेली, खोकणारच. वरवर पाहता त्या युक्तिवादाला उत्तर देणं अवघड होतं, कारण गरिबी तर खरी होती.

मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या गटाचे डॉक्टर आणि कार्यकर्ते भोपाळात आले. हा गट १९७४ च्या सुमाराचा. जयप्रकाशांच्या आंदोलनाच्या वातावरणात, डॉक्टरकी कुणासाठी करायची असा प्रश्न पडलेल्या तरुण डॉक्टरांनी जमवलेला. त्यात मराठी मंडळी सुरुवातीपासून होती, अभय बंग आणि अनंत फडके त्यांतली. या गटाने भोपाळात दोन वस्त्या निवडल्या. एक जयप्रकाश नगर, कारखान्याच्या अगदी समोर. दुसरी अण्णा नगर, तिथून सुमारे दहा किलोमीटर दूर. दोन्हीकडे गरिबी सारखी, घरं सारखी, चुलीचा धूर सारखा. मग घरोघरी जाऊन तेच प्रश्न, तशीच तपासणी.

अण्णा नगरातही खोकला होता, दमा होता. पण जयप्रकाश नगरात हे सगळं कितीतरी जास्त निघालं. जर गरिबीनेच माणसं खोकत असती तर अण्णा नगरही तितकंच खोकलं असतं. एका आठवड्याच्या पायपिटीने, कुठल्याही मोठ्या यंत्राशिवाय, ‘ही माणसं तशीही आजारीच होती’ हे वाक्य निकामी झालं. तुलनेची ही पद्धत वैद्यकशास्त्रात जुनी आहे. मला कौतुक वाटतं ते, शोकाच्या आणि संतापाच्या त्या गदारोळात कुणाला तरी दहा किलोमीटर लांब जाऊन, ज्यांना वायू लागलाच नाही त्यांच्या दारात बसायचं सुचलं, याचं. मदत करायला आलेला माणूस सहसा तिकडे फिरकत नाही.

मोजलं की सगळे खूष होतात असं मात्र नाही. त्याच वर्षी जूनमध्ये पीडितांच्या संघटनांनी लोकांसाठी दवाखाना काढला आणि तिथे सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं देऊन गुण येतो का याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. शरीरात सायनाइड गेलं असेल तर ते बाहेर काढणारं हे औषध. ते गुणकारी ठरलं असतं तर वायूने काय केलं याचाच तो पुरावा झाला असता. महिना संपायच्या आत पोलिसांनी छापा घातला, डॉक्टर आणि कार्यकर्ते पकडले, नोंदी जप्त झाल्या. वहीला इतकं घाबरलेलं सरकार बघितलं की वहीची किंमत कळते.

१९८४ च्या त्या डिसेंबरात दुर्घटनेची बातमी ऐकून थोड्या दिवसांसाठी म्हणून भोपाळला आलेल्या तरुणांमध्ये धातुशास्त्रात संशोधन करणारे सतीनाथ षडंगी होते. ते परत गेलेच नाहीत. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या संभावना ट्रस्टच्या पायाभरणीत त्यांचा हात आहे. पुढच्या वर्षी या ट्रस्टचा दवाखाना सुरू झाला. कारखान्याजवळच्या या दवाखान्यात आधुनिक औषधं आणि आयुर्वेद एका छपराखाली आहेत, आवारात औषधी वनस्पतींची बाग आहे, आणि वस्त्यांत फिरून नोंदी ठेवणारे आरोग्य कार्यकर्ते आहेत. देशोदेशींचे तरुण इथे स्वयंसेवक म्हणून येऊन राहून गेले आहेत. ज्याला डॉक्टरकी येत नाही त्यालाही काम असतं: नोंदी लावणं, भाषांतर, बागेतलं खुरपणं.

भोपाळहून गाडीने दक्षिणेला निघालं की सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर नर्मदा लागते, आणि पलीकडे होशंगाबाद. आता त्याचं नाव नर्मदापुरम, पण शिक्षणाच्या जगात ‘होशंगाबाद विज्ञान’ हेच नाव टिकून आहे, आणि ते टिकायलाच हवं.

१९७२ साली या जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत एक अचाट प्रकार सुरू झाला. किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचं क्वेकर लोकांचं ग्रामीण केंद्र यांनी मिळून सरकारकडून परवानगी घेतली की सहावी ते आठवीचं विज्ञान आम्ही आमच्या पद्धतीने शिकवू. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली जागा सोडून खेड्यात आलेले. त्यांच्या मागोमाग टाटा संस्थेतले, दिल्ली विद्यापीठातले तरुण शास्त्रज्ञ सुट्ट्या काढून शिक्षकांच्या शिबिरांना येऊ लागले. घोकायचं पुस्तक बाजूला पडलं आणि ‘बाल वैज्ञानिक’ नावाचं कार्यपुस्तक आलं, ज्यात उत्तरं नसून प्रयोग होते. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. मुलांना प्रश्न पडला तर ‘सवालीराम’ला पत्र लिहायचं, सवालीराम नावाचं कुणी नव्हतंच, पण उत्तर यायचं.

या पुस्तकातल्या एका धड्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो विज्ञानाच्या शालेय पुस्तकात सापडावा याचं मला अजून आश्चर्य वाटतं. धडा आहे संयोग आणि संभाव्यतेचा. मुलं नाणी उडवतात, फासे टाकतात, प्रत्येक जण आपल्या वहीत नोंदी करतो, मग सगळ्या वर्गाची बेरीज होते. एकट्याने दहा वेळा नाणं उडवलं तर सात किंवा त्याहून जास्त छापे पडणं अजिबात दुर्मीळ नाही. साधारण सहापैकी एका पोराच्या वहीत ते दिसेल, आणि ते पोर शपथेवर सांगेल की आपलं नाणं खोटं आहे. पण चाळीस मुलांच्या नोंदी एकत्र केल्या की आकडा निम्म्याच्या आसपास येऊन बसतो. हजार वेळा उडवून सातशे छापे पडले तर मात्र नाणं खरंच खोटं समजावं.

बारा वर्षांच्या मुलाला हे कळलं तर काय झालं? एका गावात वर्षभरात दोन तान्ही बाळं दगावली. रोग आहे, दुर्लक्ष आहे, की निव्वळ दुर्दैव? एक गाव बघून याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, गावातल्या म्हाताऱ्याला नाही आणि मंत्र्यालाही नाही. तीस-चाळीस गावं बघितली तर देता येतं. हे ज्याला हाताने उमगलं त्याला कुणी एखाद्या उदाहरणावर भुलवू शकत नाही.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्याच्या सगळ्या माध्यमिक शाळांत पोचला. त्याच सुमारास आयआयटी कानपूरमधून बाहेर पडून पुण्याच्या टेल्कोत लागलेला एक तरुण इंजिनियर वर्षभराची रजा काढून तिथे आला. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगपेटीतल्या काड्या यांच्यापासून त्याने खेळ बनवला. नळीचे छोटे तुकडे हे सांधे, काड्या हे गज. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तर हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच वाकडा होतो. चौकोनात एक तिरपी काडी घातली की तो पुन्हा ताठ. मोबाईलचा मनोरा, रेल्वेचा पूल, विजेचे खांब यांत सगळीकडे त्रिकोणच का दिसतात, ते पोरांना दोन मिनिटांत उमगतं. हा तरुण म्हणजे अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी मुलांसाठी विज्ञानकेंद्र चालवलं, आणि त्यांची कचऱ्यातली खेळणी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. सुरुवात मात्र एका वर्षाच्या रजेची.

कार्यक्रम वाढला तसं त्याला घर हवं झालं. म्हणून १९८२ मध्ये भोपाळला ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. १९८५ पासून तिचं ‘चकमक’ हे मुलांचं मासिक निघतं. तिच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाचं मराठी भावंड पुण्याहून ‘शैक्षणिक संदर्भ’ नावाने वाचकांपर्यंत आलं. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबाद विज्ञान बंद केलं. तीस वर्षं चाललेला, हजाराच्या घरातल्या शाळांपर्यंत गेलेला कार्यक्रम एका आदेशाने गुंडाळला. मला हा निर्णय तेव्हाच्या सरकारच्या खात्यावरची मोठी चूक वाटतो. पण संस्था राहिली. भोपाळच्या जाटखेडीत तिचं आवार आहे, आणि इटारसीच्या पुढे बैतूल जिल्ह्यातल्या शाहपूरलाही तिचं केंद्र आहे. शाहपुरा आणि शाहपूर यांत गोंधळ करून चुकीच्या बसमध्ये बसू नका, एवढीच सूचना.

बैतूल गेलं की मुलताई येते, जिथे तापी उगम पावते आणि डब्यात मराठी ऐकू यायला लागते. मग नागपूर. पुढे सेवाग्राम.

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं. तिथे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव असतं, आणि पहिल्याच वर्षी गावात मुक्काम करून घरोघरची माहिती गोळा करावी लागते. शेजारच्या कान्हापूरमध्ये तरुण अभय बंगांनी दवाखाना चालवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की आजार औषधाने बरे होतात पण मजुराचं पोट भरत नाही. मग त्यांनी शेतमजुरांचं किमान वेतन ठरवणारा सरकारी अहवालच उघडला. दिवसाला ४ रुपये हा आकडा आला कुठून? माणसाला अन्न किती लागतं, घरात खाणारी तोंडं किती, या हिशेबातच चुका निघाल्या. नीट केलेला हिशेब १२ रुपयांवर गेला, आणि पुढे मजुरी वाढली. लाखो ताटांवर परिणाम करणारी ही गोष्ट एका तरुण डॉक्टरने टेबलाशी बसून, बेरीज-गुणाकार तपासून केली.

सेवाग्रामनंतर वरोरा. स्टेशनाजवळ आनंदवन. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये उभं केलेलं हे गाव मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्यांनीच १९६७ मध्ये मूल तालुक्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भाच्या मे महिन्यात, आपण पंख्याखालून हलत नाही त्या दिवसांत, पोरं तिथे सकाळी कुदळ-फावडं उचलतात आणि दुपारनंतर गप्पा, भाषणं, गाणी. महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘मी सोमनाथला होतो’ हे वाक्य असतं. या छावणीत मोजणी फारशी नाही, हे कबूल. पण खोदलेला चर किती हात झाला हे तिथेही कुणीतरी पाहतंच.

आणि आता गडचिरोली, जिथे रेल्वे सोडून रस्ता धरावा लागतो.

अभय आणि राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आले आणि १९८६ मध्ये त्यांनी ‘सर्च’ ही संस्था इथे सुरू केली. बाळं मरत होती, आणि त्यांतली बरीच न्यूमोनियाने. न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण यंत्र लागतं असा आपला समज. प्रत्यक्षात तान्ह्या बाळाचा श्वास मोजला तरी काम भागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा पन्नास किंवा जास्त, तर धोका समजावा. फुप्फुसाचा काही भाग कफाने भरला की उरलेला भाग जास्त वेगाने काम करून तूट भरून काढतो. म्हणून श्वास वाढतो.

अडचण पुढे होती. गावातल्या दाईला घड्याळ कळत नव्हतं आणि साठपर्यंत मोजता येत नव्हतं. दहा-बारापर्यंत येत होतं. यावर निघालेला तोडगा मला गेल्या पन्नास वर्षांतल्या सुंदर शोधांपैकी एक वाटतो. एक लाकडी पाटी. तिच्यावर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी थोड्या मोठ्यांसाठी. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया, औषध सुरू. वाळू आधी संपली तर बाळ ठीक. साठ आणि पन्नास हे आकडे दाईच्या डोक्यात कधी शिरलेच नाहीत; ते मण्यांच्या संख्येत लपवून ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष अक्षरशः तारेत ओवलेला.

तुलनेसाठी गावं दोन गटांत होती, हे आता वाचकाने ओळखलंच असेल. काम झालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी निघाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९० मध्ये ते छापलं. नंतर नवजात बाळांचा प्रश्न हाती घेतला. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं: बाळाचं वजन, तापमान, ऊब, अंगावर पाजणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच औषध. ४७ गावं तुलनेला. कामाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं मरत होती, ती तिसऱ्या वर्षी २५.५ वर आली. तुलनेच्या गावांत आकडा साठीच्या आसपासच राहिला. नाण्यांचा धडा आठवा: एका गावात हा फरक दिसला असता तर नशीब म्हणून सोडून दिला असता. ३९ गावांना नशीब एकदम फळत नाही. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून भारत सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी हा आशा कार्यकर्तीच्या कामाचाच भाग केला. आज भोपाळच्या झोपडवस्तीत बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई येते, त्या भेटींच्या मागे गडचिरोलीतल्या या बायकांच्या वह्या आहेत.

मग शाहपुऱ्यातल्या, किंवा साताऱ्यातल्या, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलीने काय करावं?

सगळ्यांत जवळचं दार कॉलेजातच असतं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. बऱ्याच ठिकाणी हे तास झाडलोटीत आणि घोषणांत जातात, आणि पोरं दहा गुणांसाठी सह्या करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच २४० तासांत एका तलावाचं वर्षभराचं मोजमाप बसतं, किंवा एका वस्तीतल्या रेशनकार्डांची गाठ मूळ यादीशी घालता येते. कार्यक्रम अधिकाऱ्याला असं काही सुचवणारा विद्यार्थी सहसा भेटतच नाही. ‘मुस्कान’सारखी संस्था भोपाळच्या वस्त्यांतल्या मुलांबरोबर काम करते, तिथे शिकवायला जाणाऱ्याने आधी मुलांकडून काय शिकायचं ते ठरवावं लागतं.

ज्याला वर्ष-दोन वर्षं द्यायची आहेत, किंवा आयुष्य कशाला द्यावं हेच शोधायचं आहे, त्याच्यासाठी गडचिरोलीचं ‘निर्माण’ आहे. २००६ मध्ये बंग दांपत्याने सुरू केलेला हा उपक्रम १८ ते २८ वयोगटातल्यांसाठी आहे. अर्ज, मुलाखत, मग ‘सर्च’च्या शोधग्राम या आवारात एका पाठोपाठ शिबिरं, आणि मधल्या काळात आपापल्या गावी करून बघायची कामं. इंजिनियर येतात, डॉक्टर येतात, पत्रकारितेचे येतात, कशातच धड मन न रमलेलेही येतात. पुढे त्यांतले कुणी आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात, कुणी शाळेत, कुणी दारूमुक्तीच्या कामात. अभय बंग स्वतः सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेले. गांधीजींच्या त्या शाळेचा ‘करून शिका’ हा धागा या शिबिरांत सरळ दिसतो.

शाहपुऱ्याच्या सर्वांत जवळचं मोठं स्टेशन राणी कमलापती, म्हणजे पूर्वीचं हबीबगंज. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या इटारसी, नागपूर, सेवाग्रामवरून बल्लारशाकडे जातात. वरोऱ्याला सगळ्या थांबत नाहीत, तेवढं बघून तिकीट काढावं. सोमनाथला जायचं तर मूलपर्यंत, गडचिरोलीला जायचं तर चंद्रपूरहून किंवा नागपूरहून बस. सामानात जाड टोपी, पाण्याची बाटली आणि रेघा आखलेली वही. मोबाईलमध्ये नोंदी करता येतात, पण शोधग्रामच्या आसपासच्या काही गावांत पावसाळ्यात वीज गेली की चार्जरचा उपयोग नसतो, आणि पेन्सिलीने लिहिलेलं भिजलं तरी वाचता येतं.